दिवेलागणीची नोकरी

शर्टाला इस्त्री होती. दुकानातल्या नाही हं, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाला. बाहीवरची घडी अशी धारदार की तिनं कांदा चिरता आला असता. मी मान वर करून बघतच राहिले, आणि माझ्या शेजारी दादा नुसता हरखून गेला होता.

"किती खिडक्यांत दिवे लागलेत बघ," तो वहिनीला म्हणाला. "आणि माणशी दोन डोळे."

आमचं चष्म्याचं दुकान तुम्ही बघितलंय. जुन्या बाजारात, त्या गल्लीत, जिथे सायकल लावायला जागा मिळाली तरी माणूस नशीबवान. बाबा गेल्यापासून दादा बघतो, मी काचा बसवते, लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावते. पण अक्षरं वाचणारेच कमी झालेत. आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करत शहराबाहेर राहायला गेली. तिथे रस्ते रुंद, घरं मोठी, हवा मोकळी. आणि माणूस तिकडे गेला की चष्माही तिकडेच करतो, आपल्यासाठी कोण धडपडत येतंय? मग दादानं ठरवलं की आपणच त्यांच्या मागे जायचं. शहराबाहेर ती नवी वसाहत उठते आहे ना, तिथे रस्त्याला लागून दुकानांची रांग काढली आहे, त्यातला एक गाळा घ्यायचा.

आणि खरं सांगते, भुरळ पडावी अशीच जागा होती. झाडं लावलेली, पदपथ इतके रुंद की दोघांनी भांडत चालावं. कंपन्या येतायत, कचेऱ्यांच्या इमारती उठतायत, नवीन धंद्याला पहिली काही वर्षं करात सूट आहे, शाळा येतेय, दवाखाना येतोय. सगळं येतंय. आलेलं काय आहे ते मात्र मला नीट दिसेना. पाट्यांवर जिथे तिथे "लवकरच". कारंजं होतं, पण पाणी लवकरच.

आम्हाला फिरवायला वसाहत बांधणाऱ्या कंपनीचा एक तरुण होता, त्याचं नाव आम्ही टायवाला ठेवलं. उन्हातही त्याचा टाय जागचा हलत नव्हता. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. मी त्याला विचारलं, की इथली माणसं कपडे वाळायच्या आधी इस्त्री करतात का? त्यानं वर शर्टाकडे बघितलं. मग हसून म्हणाला, की इथली वस्ती फार टापटीप आहे, ताई.

वहिनीनं मला असा चिमटा काढला की दोन दिवस दंडावर खूण होती.

परतताना बसमध्ये दादा मला म्हणाला, की तुझं कायम असंच. दुधात माशी नसली तर तू बाहेरून आणून टाकशील. मी म्हटलं, अरे पण रंग बघितलेस का? एका गॅलरीत सगळे निळे, गडद ते फिके. दुसरीत पिवळ्या टॉवेलशेजारी पिवळा फ्रॉक. धुणं असं असतं का कुठे? आपल्या घरचं धुणं बघ, दंगल झाल्यासारखं दिसतं. पण दादा खिडकीबाहेर बघत होता. त्याचं मन त्या गाळ्यात जाऊन बसलं होतं, गल्ला कुठे, आरसा कुठे, सगळं मांडून झालं होतं.

घरी हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यानं आम्हाला ताकीद दिली होती. मागे एकदा तो कोपऱ्यावरचं मोठं दुकान घेणार होता, सगळ्यांना सांगत सुटला, आणि भलत्यानंच ते उचललं. तेव्हापासून त्याचं म्हणणं, की काम होईपर्यंत बोभाटा नको. म्हणून आईला माहीत नव्हतं, आत्याला माहीत नव्हतं. फक्त आम्ही तिघं.

आता आत्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर बिनबोलणाऱ्या माणसांत राहते, घरी बोलणारा कशाला आणू?" बिनबोलणारी माणसं म्हणजे पुतळे. बाजारातल्या मोठ्या कापड दुकानात ती काचेमागचे पुतळे सजवायची. जन्मभर तेच काम. तोंडात टाचण्या धरून ती अशी भराभर शर्ट मागून टाचायची, की समोरून बघणाऱ्याला वाटावं, हा त्याच्याच मापाचा शिवलाय. लहानपणी मला वाटायचं ती पुतळ्यांची आई आहे. मग ते दुकानही शहराबाहेर गेलं, मालकानं तरुण पोरी बरोबर नेल्या, पुतळे नेले, आत्याला नाही नेलं. काही महिने ती घरी बसली. बसली म्हणजे काय, आईच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावत बसली. आई म्हणायची, वन्सं, मला हळद सापडत नाहीये, आणि आत्या म्हणायची, पण दिसतंय कसं छान.

मग एक दिवस तिला कुठेतरी नोकरी लागली. कुठे, तर सजावटीची. कुणाकडे, तर एका कंपनीत. काय सजवतेस, तर पडदेबिडदे. यापलीकडे तोंडातून अक्षर नाही. दुपारी जायची, अंधार पडल्यावर यायची, आणि हातात ही भली मोठी पिशवी.

त्या पिशवीत वहिनीनं डोकावलं. मी डोकावले नाही, वहिनीनं डोकावलं, हे लक्षात ठेवा. आत पुरुषाचे शर्ट. मोठ्या मापाचे. वर एक पायजमा. वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजली, की आत्यांचं काहीतरी चाललंय, आणि माणूस चांगला आडवातिडवा आहे. मी हसून हसून वाकले. आई मागून आली, तिनं ऐकलं, आणि म्हणाली, "जिभेला हाड आहे का तुमच्या? आणि असलं कुणी, तर बरंच आहे की."

पण दुसऱ्या दिवशी पिशवीत लहान मुलाचे बूट निघाले. मग मात्र वहिनी गप्प झाली आणि आईसुद्धा. शर्टाचं एक वेळ समजू शकतं हो. बुटांचं काय समजायचं?

आत्या रात्री जेवून उठायची, ते शर्ट काढायची आणि इस्त्री करत बसायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, ऑफिसचे आहेत. आता ऑफिसला पायजमा लागतो का? आमच्या पुढच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला तिची कॉट. कपाटात एक खण तिचा. त्या कॉटवर बसून ती इस्त्री फिरवायची, आणि मी बघत होते, रोज बघत होते, आणि तुम्ही म्हणाल की ही पोरगी इतकी संशयी, हिला दोन आणि दोन चार दिसले कसे नाहीत? नाही दिसले. आपल्या घरातल्या माणसावर तसला संशय येत नाही. आलाच तर पुरुषाचा येतो.

मला संशय होता तो टायवाल्यावर. आणि मुदत भरत आली होती. जुन्या दुकानाच्या मालकाला दुसरा भाडेकरू मिळाला होता. दादानं सोमवारी किल्ली द्यायची आणि त्याआधी, रविवारी संध्याकाळी, नव्या गाळ्याच्या कागदावर सही करायची, असं ठरलं होतं. एकदा बाजारातली जागा सुटली की सुटली. तिथे परत पाय ठेवायला मिळणार नाही हे दादालाही माहीत होतं. तिकडचं चाललं नाही तर आम्ही सगळे काय खाणार, याचा विचार तो करत नव्हता असं नाही. पण त्या खिडक्यांतले दिवे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

म्हणून आठवड्यात मध्येच, दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी, मी एकटी गेले.

रविवारी जी बस भरून जाते ती त्या दिवशी रिकामी. मी आणि चालक. तो मला म्हणाला, की घर बघायला निघालात का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, सगळे बघायलाच जातात. मला भर दुपारी थंडी वाजली.

वसाहतीत शुकशुकाट. झाडं तीच, पदपथ तेच, पण चालणारा मनुष्य नाही. कॉफीच्या दुकानात दोन मुलं संगणक उघडून बसली होती, तीच दोन, रविवारी बसली होती तीच. एकाचा संगणक बंद होता. मी काचेतून बघितलं, पडदा काळा, आणि हा बटणं दाबतोय. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि जांभई दिली.

मग मी त्या इमारतीखाली गेले आणि वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुणीतरी दोरीवर शर्ट टाकत होतं. पाठमोरं. शर्ट टाकला, मागे सरकून मान तिरकी केली, एक खांदा वर उचलला, परत मागे सरकलं. आणि तोंडात टाचण्या.

मी खालून हाक मारली नाही. मी जिन्यानं धावत गेले, आणि जाताना प्रत्येक दाराबाहेर चपला, बूट, एकीकडे तीन चाकी सायकल, एकीकडे छत्री. आणि आतून आवाज नाही. एकाही दारामागे भांडं वाजत नाही, मूल रडत नाही, कुणी कुणावर ओरडत नाही. तुम्ही कधी अशा जिन्यातून गेलात का, जिथे सगळी घरं भरलेली आहेत आणि कुणीच नाही?

आत्यानं मला बघितलं. टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, मनगटाला बांधलेल्या छोट्या उशीत खोचल्या, आणि म्हणाली, "आलीस ती आलीस, ते दुसरं टोक धर."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. काय करणार?

मग तिनं मला सगळं दाखवलं. लाजत नव्हती ती, उलट नवा संसार दाखवावा तशी दाखवत होती. कंपनीनं आधी दिव्यांना घड्याळ लावलं होतं. ठरल्या वेळी सगळ्या खिडक्या एकदम पेटायच्या, एकदम विझायच्या, गिऱ्हाईक बिचकायचं. मग कुणीतरी त्यांना आत्याचं नाव सांगितलं. आत्या म्हणाली, माणसं अशी एकदम उजळत नाहीत. आधी स्वयंपाकघर लागतं. मग बाहेरची खोली. लहान मूल असेल तिथला दिवा लवकर विझतो. म्हातारं माणूस असेल तर न्हाणीघरातला अधूनमधून लागतो. ती मजल्यामजल्यांवर फिरून हातानं दिवे लावायची आणि हातानं विझवायची, आणि कुठल्या घरात कोण राहतं हे तिनं मनाशी पक्कं ठरवलेलं होतं. इथे नवीन लग्न झालेलं जोडपं, म्हणून दोन उशांचे अभ्रे. तिथे नुकताच बदलून आलेला मोठ्या अंगाचा अधिकारी, बायको अजून माहेरी, म्हणून नुसते शर्ट. पलीकडे जुळी मुलं.

"आणि त्यांची आई?" मी विचारलं.

"कामावर जाते," आत्या म्हणाली. "तिचे कपडे शनिवारी."

मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, आत्या, अगं ही फसवणूक आहे. तिला ते पटेना. ती म्हणाली, की पुतळ्याला नागवा ठेवला तर दुकानात गिऱ्हाईक चढतं का? शर्ट पुतळ्याचा नसतो हे गिऱ्हाइकाला कळत नाही का? माणसं माणसांना बघून येतात. पहिला कुणीच यायला तयार नसतो, सगळ्यांना दुसरं व्हायचं असतं, मग पहिलं कुणीतरी लागतं ना? ती पहिली आपण. खरी कुटुंबं आली की ती आपल्या चपला उचलणार आणि पुढच्या इमारतीत जाणार. आणि आलीही होती म्हणे काही. थोडी. पण आली होती.

आणि ती इतकी शांतपणे सांगत होती, की मला क्षणभर वाटलं, गावं वसतात ती अशीच वसत असतील.

मग माझ्या मनात ते भलतं आलं. मला वाटलं, हिला माहीत असणार. दादा येऊन गेला हे हिला वरून दिसलं असणार. कदाचित हिनंच टायवाल्याला सांगितलं असेल, की माझा भाचा गाळा शोधतोय. गिऱ्हाईक आणणाऱ्याला काहीतरी मिळतच असणार. हे सगळं एका दमात डोक्यात आलं, आणि तुम्हाला माहितीये, माझ्या डोक्यात आलेलं तोंडात यायला वेळ लागत नाही. मी विचारलं, "दादाला इथे तूच आणलंस का?"

तिच्या हातातला चिमटा खाली रस्त्यावर पडला. ती वाकून बघायलाही गेली नाही.

तिला माहीत नव्हतं. दिवेलागणीच्या वेळी ती कधी गॅलरीत येत नाही, भिंतीच्या आडून बटणं दाबते, खाली कोण उभं आहे ते तिला दिसत नाही. तिच्या दृष्टीनं खाली नुसतं गिऱ्हाईक असतं. ती खाली जमिनीवर बसली. मी सगळं सांगितलं, गाळा, सही, सोमवारची किल्ली. बाजारातलं दुकान सुटणार हे ऐकल्यावर तिनं एकच विचारलं, की तुझ्या बाबांची ती उंच खुर्ची, डोळे तपासायची, तीही इकडे आणणार का? मी म्हटलं, बहुतेक.

मग मी म्हटलं, की आज रात्री दादाला सांग. नाहीतर मी सांगते.

तिनं उशीतल्या टाचण्या एकेक करत सरळ केल्या. मग म्हणाली, "सांगितलं की ही नोकरी गेली. पुतळ्यांना वय नसतं गं, माझं आहे. मला आता कोण घेणार?" आणि उठता उठता, "मीच सांगते. तू बोलू नकोस. मला शब्द दे."

मी शब्द दिला. का दिला, देव जाणे.

त्या रात्री ती बोलली नाही. दुसऱ्या रात्री बोलली नाही. दादा जेवताना शेजारी बसलेला, ती त्याच्या ताटात वाढते, तो काय हवं नको विचारतो, आणि ही गप्प. जेवण झालं की इस्त्री काढून बसते. मी डोळे मोठे करते, ती नजर फिरवते. मला तेव्हा तिचा राग आला, खरंच आला. वाटलं, हिनं निवडलं. एकीकडे दादा, एकीकडे तिची ती खोटी माणसं, आणि हिनं जुळी मुलं निवडली. शनिवारी मी दादाला आडून म्हणून बघितलं, की सही जरा पुढे ढकल, मला त्या इमारतींत कुणी राहतंय असं वाटत नाही. तो म्हणाला, की तुझ्या इस्त्रीच्या शर्टापायी मी धंदा बुडवू का? पुढे मी काय सांगणार? शब्द दिलेला. आणि सांगायचं तर वहिनीसमोर आत्याला उघडं पाडायचं. मी ठरवलं, दादानं पेन उचललं की मी बोलणार, मग शब्द गेला खड्ड्यात.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. बस भरलेली. आत्या नेहमीसारखी दुपारीच निघून गेली होती, माझ्याशी एक अक्षर न बोलता.

टायवाला कागद घेऊन तयार होता, पण म्हणाला, घाई नको, आधी बाहेरून एकदा डोळे भरून बघा. त्याची ती पद्धतच, दिवे लागायच्या वेळेला तो माणसाला रस्त्यावर आणून उभा करायचा. आमच्याबरोबर आणखी दोन कुटुंबं होती. अंधार उतरत होता. आणि खिडक्या उजळायला लागल्या. आधी स्वयंपाकघरं. मग बाहेरच्या खोल्या. खोटं सांगत नाही, मला सगळं माहीत असूनही माझा जीव तिकडे ओढला गेला. वाटलं, वर कुणीतरी आपली वाट बघतंय.

दादा म्हणाला, चला, करू सही.

आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा एक दिवा गेला.

मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एकदम नाही, एकेक. मध्ये माणूस एका घरातून दुसऱ्या घरात चालत जाईल एवढा वेळ. कुणीतरी म्हणालं, वीज गेली वाटतं. पण जिन्यातले दिवे जळत होते, रस्त्यावरचे जळत होते. टायवाल्यानं फोन लावला, कानाला धरला, कुणी उचलेना. वरचा मजला पूर्ण काळा झाला. मग त्याच्या खालचा सुरू झाला. मध्येच एका गॅलरीत आत्या आली. पहिल्यांदाच उघड गॅलरीत, सगळ्यांना दिसेल अशी. तिनं दोरीवरचे शर्ट एकेक करून काढले, हातावर घडी घातली आणि आत गेली. मग तो दिवा गेला.

"आत्या?" दादा म्हणाला. असा आवाज मी त्याचा लहानपणानंतर ऐकला नव्हता.

आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. शेवटी एवढी मोठी इमारत काळी झाली आणि तिच्यात चार-दोन खिडक्या राहिल्या, इकडे एक, तिकडे एक.

ती खाली आली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या. टायवाल्याकडे बघितलंही नाही. दादासमोर उभी राहिली आणि वर बोट केलं. "जिथे दिवा दिसतोय ना, तिथे माणसं राहतात," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे मीच."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. तिला शर्टांचा आडवातिडवा माणूस आत्ता कळला.

दादा आधी चिडला. घरी सांगता आलं नसतं का, असं चारचौघांत, वगैरे. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. आणि तरी इथे येऊन उभा राहिला असतास. हे दिवे बघितल्यावर कुणाला कुणाचं ऐकू येतं का रे?"

ती दुसरी दोन कुटुंबं हळूहळू बसथांब्याकडे निघून गेली. मी टायवाल्याकडे वळले. मनातल्या मनात मी त्याला सुनवायचं सगळं तयार ठेवलं होतं, चांगलं मुद्देसूद. पण तो टाय सैल करून कठड्यावर बसला होता. तो आत्याला म्हणाला, उद्यापासून येऊ नका. रागानं नाही म्हणाला. मग त्यानं वर बघितलं, आणि मला म्हणाला, "तो तिसऱ्या मजल्यावरचा दिवा आमचा. आई आहे वर. पहिल्यांदा मीच घेतलं घर." आणि आत्याकडे बघून, "तेव्हा या बाई नव्हत्या. घड्याळाचे दिवे होते. तरी घेतलं."

माझा अर्धा संशय तिथेच गळून पडला, आणि उरलेला कुणावर धरावा हे कळेना.

दादानं आत्याच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. सही झाली नाही, हे सांगायला नकोच. सोमवारी किल्लीही दिली नाही, आम्ही अजून त्याच गल्लीत आहोत, गिऱ्हाईक अजून कमी होतंय, आणि परवा कुणीतरी सांगत होतं की त्या वसाहतीत आता खरंच लोक यायला लागलेत, दवाखाना सुरू झाला, आमच्या त्या गाळ्यात दुसऱ्याच कुणीतरी चष्म्याचं दुकान टाकलं. दादा ऐकतो आणि काच पुसत राहतो. आम्ही वाचलो की हुकलो, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याच संध्याकाळचं. आम्ही निघालो, थांब्याकडे दहा पावलं गेलो असू, आणि आत्या थांबली. पदपथावर पाय रुतल्यासारखी. मला बाजूला घेतलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. म्हणाली, पहारेकऱ्याकडे हा द्यायचाय. आणि त्याआधी, वरच्या मजल्यावर शेवटचं दार, मागच्या बाजूचं, तिथला दिवा राहिलाय. माझ्याच्यानं होत नाहीये, तू जा.

मी गेले. मागची बाजू म्हणजे रस्त्याकडे पाठ. तिथून गिऱ्हाईक जात नाही, तिथे रस्ताच नाही, मोकळं माळरान आहे. तिथल्या दिव्यानं कुणाला काय दिसणार? मी दार उघडलं. बाहेर चपला मांडलेल्या नव्हत्या. आत दोरीवर काही नव्हतं. खिडकीशी एक खुर्ची, खिडकीकडे तोंड करून. खिडकीच्या कट्ट्यावर एक कप, पालथा घातलेला, खाली फडकं. कोपऱ्यात अंगावर घ्यायची शाल. भिंतीला एक खिळा, त्याला कंगवा अडकवलेला. बाकी खोली मोकळी. डबे नाहीत, कपाट नाही, कुणाचं काही नाही.

मी खुर्चीत बसले नाही. बसावंसं वाटलं, पण नाही बसले. खालून दादाची हाक आली, बस येतेय म्हणून. मी कप, कंगवा, शाल घेऊ का म्हणून हात पुढे केला आणि परत मागे घेतला. दिवा विझवला. किल्ली फिरवली.

बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले. दादा आणि वहिनी पुढे, पिशव्या मांडीवर घेऊन. वसाहत मागे पडेपर्यंत आत्या समोर बघत होती, वळून नाही बघितलं. मग हळूच म्हणाली,

"दार नीट ओढलंस ना?"

"हो."

"आणि खिडकी? वारा सुटतो तिकडून."

"लावली," मी म्हटलं.